खेळाचा तास : वाढत्या वयाची गरज

दिल्लीच्या शाळांमध्ये हिवाळा हा क्रीडामहोत्सवांचा ऋतू मानला जात आला आहे. उन्हाळ्याची काहिली सरलेली असते, पावसाची भीती उरलेली नसते, आणि कोवळ्या उन्हात शर्यती, कबड्डी, खो-खो यांची धामधूम सुरू होते. २०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात मात्र या प्रथेचा विचार थेट सर्वोच्च न्यायालयाला करावा लागला. शहराची हवा अतिशय दूषित असताना मुलांना मैदानावर धावायला लावणे कितपत योग्य, असा प्रश्न न्यायालयापुढे मांडण्यात आला. १९ नोव्हेंबर रोजी न्यायालयाने राजधानी परिसरातील वायुगुणवत्ता व्यवस्थापन आयोगाला सांगितले की, नोव्हेंबर-डिसेंबरमधील शालेय स्पर्धा अधिक सुरक्षित महिन्यांकडे हलविण्याबाबत निर्देश देण्याचा त्याने विचार करावा. त्यानंतर काही दिवसांतच दिल्लीतील शाळांचे मैदानी कार्यक्रम स्थगित झाले.

हा निर्णय योग्य होता, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु अशा निर्णयांतून घरोघरी जो अर्थ काढला जातो, तो मात्र तपासून पाहण्यासारखा आहे. स्पर्धा पुढे ढकला, असे न्यायालयाने सुचविले. खेळ सोडून द्या, असे सुचविले नाही. प्रत्यक्षात मात्र हवा वाईट म्हणून नोव्हेंबरात सुटलेला खेळ पुढे परीक्षा जवळ आली म्हणून फेब्रुवारीत सुटलेलाच राहतो, मे महिन्यात ऊन फार म्हणून सुटतो आणि जूननंतर शिकवणीचे वर्ग सुरू झाले म्हणून सुटतो. मूल नववीत गेले की खेळाचा तास घरच्या वेळापत्रकातून जो नाहीसा होतो, तो बहुधा कायमचाच.

या तासाबरोबर नेमके काय नाहीसे होते, हे आता वैद्यकशास्त्राला पूर्वीपेक्षा अधिक स्पष्टपणे सांगता येते. खेळामुळे भूक लागते, झोप चांगली येते, मन प्रसन्न राहते, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होतेच. त्यात आता आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. वाढत्या वयातील व्यायाम शरीराच्या आत धुमसणारा एक प्रकारचा मंद दाह आटोक्यात ठेवतो. हा दाह म्हणजे काय, तो कोठून येतो आणि दिल्लीसारख्या शहरात राहणाऱ्या कुटुंबाने त्याविषयी काय करावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

दाहाचे दोन प्रकार

बोटाला काटा लागला की ती जागा लाल होते, गरम होते, सुजते आणि ठणकते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सेल्सस या रोमन ग्रंथकाराने दाहाची हीच चार लक्षणे नोंदवून ठेवली होती. हा दाह आपला शत्रू नव्हे. जंतूंचा नाश करावा, मोडतोड झालेली जागा दुरुस्त करावी, यासाठी शरीराने पेटविलेली ती चूल आहे. काम झाले की चूल विझते आणि जखम भरून येते.

दुसऱ्या प्रकारचा दाह मात्र असा दिसत नाही. तो राखेखालच्या निखाऱ्यासारखा असतो. ताप नाही, सूज नाही, दुखणे नाही. तरीही रक्तातील काही द्रव्यांचे प्रमाण नेहमीपेक्षा किंचित वाढलेले, आणि वर्षानुवर्षे तसेच राहिलेले असते. यांपैकी सर्वांत परिचित द्रव्य म्हणजे यकृतात तयार होणारे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील टिलेट आणि फ्रान्सिस या संशोधकांना ते न्युमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात प्रथम आढळले. तीव्र आजारात त्याचे प्रमाण शेकडो पटींनी वाढते. पुढे मोजण्याची साधने सूक्ष्म झाली, तेव्हा असे दिसून आले की, वरवर निरोगी असलेल्या माणसातही हे प्रमाण थोडेसे चढलेले असू शकते, आणि अशा माणसांना पुढील आयुष्यात मधुमेह व हृदयविकार होण्याचा संभव अधिक असतो.

येथे एक खुलासा केला पाहिजे. हे द्रव्य म्हणजे स्वतः रोग नव्हे. ती आत चाललेल्या घडामोडीची खूण आहे. धूर दिसला की कोठेतरी जळते आहे असे आपण समजतो, तसेच हे. म्हणून आपल्या मुलाचे रक्त तपासून घेण्याची घाई कोणी करू नये. साध्या सर्दीनेही हा आकडा तात्पुरता वाढतो. त्यापेक्षा निखारा कशामुळे धुमसतो, हे समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे.

त्याचे एक मोठे कारण म्हणजे शरीरातील, विशेषतः पोटाच्या पोकळीतील, वाजवीपेक्षा जास्त चरबी. चरबी म्हणजे अडीअडचणीसाठी साठविलेले धान्याचे कोठार, अशी फार दिवस समजूत होती. १९९३ साली हार्वर्ड विद्यापीठातील होतामिश्लिगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, लठ्ठपणात चरबीच्या पेशीजालातून दाह वाढविणारे द्रव्य बाहेर पडते आणि ते इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. तेव्हापासून या कोठाराकडे पाहण्याची दृष्टी बदलली. कोठार नुसते भरलेले नसते. प्रमाणाबाहेर भरले की ते आतून तापूही लागते.

दिल्लीच्या नोंदवह्यांची साक्ष

हा सारा विचार परदेशी प्रयोगशाळांतला आहे, आपल्या मुलांशी त्याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर दिल्लीतच मिळते.

१९६९ च्या डिसेंबरात दक्षिण दिल्लीच्या सुमारे १२ चौरस किलोमीटर भागात एक असाधारण काम सुरू झाले. त्या भागातील २० हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांची नोंद करण्यात आली आणि १९७२ पर्यंत त्यांना झालेल्या ८ हजारांवर अपत्यांची जन्मतःच वजने व उंची मोजण्यात आली. त्यानंतर ही मुले वाढत असताना कार्यकर्ते त्यांच्या घरी जात आणि ठराविक काळाने पुन्हा मापे घेत. मुले मोठी झाली, काही कुटुंबे दुसरीकडे राहावयास गेली, पण नोंदवह्या राहिल्या. ही मुले तिशीच्या जवळ आली तेव्हा संशोधकांनी त्यांच्यापैकी सुमारे १,५०० जणांना पुन्हा शोधून काढले व त्यांची तपासणी केली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या तपासणीचा निष्कर्ष विचार करावयास लावणारा होता. इतक्या तरुण वयात त्यांच्यापैकी शेकडा ४ हून अधिक लोकांना मधुमेह होता आणि आणखी सुमारे ११ टक्के त्याच्या उंबरठ्यावर होते.

कोणाला हा त्रास झाला? लहानपणी गुटगुटीत असलेल्यांना, असे आपल्याला वाटेल. पण नोंदवह्या वेगळेच सांगत होत्या. ही मुले पहिली दोन वर्षे किरकोळच होती. त्यानंतर मात्र उंचीच्या मानाने त्यांचे वजन इतरांपेक्षा अधिक वेगाने वाढत गेले. बाराव्या वर्षी त्यांच्यापैकी एकालाही रूढ मोजमापाने लठ्ठ म्हणता आले नसते. म्हणजे धोका डोळ्यांना दिसत नव्हता. तो वाढीच्या आलेखात दडलेला होता. याच गटाच्या रक्ततपासणीवरील एक निबंध २०११ साली प्रसिद्ध झाला. बालपणात व कुमारवयात ज्यांचे वजन उंचीच्या मानाने झपाट्याने वाढले होते, त्यांच्या रक्तात मोठेपणी दाहाच्या खुणाही अधिक आढळल्या होत्या.

दरम्यान, २००३ साली डॉ. अनूप मिश्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीतील १४ ते २५ वर्षे वयाच्या, निरोगी समजल्या जाणाऱ्या सुमारे पावणेचारशे मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांच्यात वजन जास्त असलेल्यांपैकी सुमारे एकपंचमांश मुलांमध्ये सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन वाढलेले दिसले. पन्नाशीतल्या माणसात शोधावयाची खूण शाळकरी मुलांत सापडत होती.

किरकोळ शरीर, लपलेली चरबी

"आमचा मुलगा तर काडीसारखा आहे, त्याला व्यायामाची काय गरज?" हा प्रश्न आपल्याकडे नेहमी ऐकू येतो. त्याचे उत्तर पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी एका छायाचित्राने दिले आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या छायाचित्रात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचा देहभार-निर्देशांक, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखे : २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय माणसाचा बांधा दिसावयास किरकोळ असला, तरी त्यात स्नायू कमी आणि चरबी अधिक असण्याचा संभव असतो, हे सांगणारे याहून बोलके चित्र सापडणे कठीण.

म्हणून वजनकाट्यावर समाधान मानून चालणार नाही. वजन तेवढेच ठेवून स्नायू वाढवावयाचे आणि चरबी कमी ठेवावयाची, तर त्याला हालचालीखेरीज उपाय नाही. उपाशी राहून वजन उतरेल. स्नायू तयार होणार नाहीत. शिवाय कुमारवय हा हाडे आणि स्नायू भराभर घडण्याचा काळ आहे. या वर्षांत केलेली बेगमी पुढे अनेक दशके पुरते.

स्नायू काय करतात?

व्यायामाने चरबी जळते, एवढाच त्याचा लाभ असता तर गोष्ट सोपी होती. पण दाहाच्या बाबतीत स्नायू स्वतःही काम करीत असतात. कोपनहेगन येथील प्राध्यापक बेंटे क्लारलुंड पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, काम करणारे स्नायू इंटरल्यूकिन-६ नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. हे द्रव्य आजारपणात वाढते, म्हणून ते दाह वाढविणारेच असावे, अशी समजूत होती. पण स्नायूंतून व्यायामाच्या वेळी थोडा काळ बाहेर पडणारे हेच द्रव्य उलट परिणाम घडविते. त्याच्या मागोमाग दाह शमविणारी इतर द्रव्ये रक्तात येतात आणि दाह पेटविणाऱ्या द्रव्याला आळा बसतो. २००३ साली या संशोधकांनी केलेल्या एका प्रयोगात काही निरोगी तरुणांना जिवाणूंपासून मिळविलेले, दाह उत्पन्न करणारे द्रव्य अगदी अल्प मात्रेत टोचण्यात आले. स्वस्थ बसलेल्या तरुणांच्या रक्तात दाहाचे द्रव्य चढले. आधी सायकल चालविलेल्यांमध्ये ते चढले नाही. स्नायूंतून निघणाऱ्या अशा संदेशवाहक द्रव्यांना पेडरसन यांनी मायोकाइन असे नाव दिले.

युरोपातील शाळकरी व कुमारवयीन मुलांच्या पाहण्यांतही याच्याशी जुळणारे चित्र दिसते. ज्यांचा दम चांगला, म्हणजे जी मुले न थकता अधिक काळ धावू शकतात, त्यांच्या रक्तात दाहाच्या खुणा सामान्यतः कमी असतात. या संबंधाचा काही भाग चरबी कमी असल्यामुळे असतो, हे खरे. तरीही पालकांच्या दृष्टीने निष्कर्ष एकच : मुलाला जिना चढताना धाप लागते की नाही, याकडेही वजनाइतकेच लक्ष असावे.

मात्र यात नित्यनेम महत्त्वाचा आहे. एका दिवसाच्या व्यायामाचा परिणाम एकदोन दिवसांत ओसरतो. रविवारी चार तास क्रिकेट आणि सोमवार ते शनिवार खुर्ची, याने दाहाचा हिशेब जुळत नाही. उलट शरीराला सवय नसताना एकदम केलेला अतिश्रम स्नायूंना इजा करतो आणि काही काळ दाह वाढवितो. तालमीतील वस्ताद नव्या मुलाला पहिल्या दिवशी दहाच जोर काढावयास लावीत, त्यात मोठा अर्थ होता.

किती व्यायाम पुरेसा?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांसाठी प्रमाण ठरवून दिले आहे. दररोज सरासरी ६० मिनिटे अशी हालचाल, जिने श्वास जलद होईल. आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे जोमदार प्रकार. बसून घालविण्याचा वेळ, विशेषतः पडद्यासमोरचा, शक्य तितका कमी करावा, असेही संघटना सांगते. हा तास सलग असलाच पाहिजे असे नाही. शाळेत पायी जाण्याची वीस मिनिटे, मधल्या सुट्टीतील पळापळ आणि सायंकाळचा अर्धा तास मिळूनही तो भरतो.

हे प्रमाण किती मुले गाठतात? २०१६ पर्यंतच्या माहितीवर आधारलेल्या एका जागतिक पाहणीत ११ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी ८१ टक्के मुले कमी पडतात, असे दिसून आले. भारतातील आकडा सुमारे तीनचतुर्थांश आहे. म्हणजे चार मुलांपैकी तिघांचा खेळाचा तास अपुराच. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१८ साली नववी ते बारावीच्या वर्गांसाठी रोज आरोग्य व शारीरिक शिक्षणाची तासिका ठेवण्याचे ठरविले, ते स्वागतार्हच होते. पण तासिका वेळापत्रकात असणे वेगळे आणि गणिताचा राहिलेला भाग पुरा करण्यासाठी ती कोणी मागून न नेणे वेगळे.

मुलींचा प्रश्न

जगभर ही उणीव मुलांपेक्षा मुलींमध्ये अधिक आहे. त्याच पाहणीत मुलांचे प्रमाण ७८ टक्के होते, तर मुलींचे ८५ टक्के. आपल्याकडे याची कारणे सांगावी लागत नाहीत. मुलगी तेरा-चौदा वर्षांची झाली की मैदान तिच्यासाठी आक्रसू लागते. अंधार, रस्ता, लोकांच्या नजरा, घरातील कामे आणि पाळीविषयीचा संकोच, ही सारी कारणे एकदम पुढे येतात. पाळीच्या दिवसांत व्यायाम करू नये, हा समज निराधार आहे. त्रास होत नसेल, तर नेहमीप्रमाणे खेळावयास हरकत नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ४० टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. मुलांमध्ये हे प्रमाण १८ टक्के होते. रक्तक्षय असलेली मुलगी लवकर थकते आणि मग ती ‘आळशी’ ठरते. दाहाचा येथेही संबंध येतो. शरीरात दाह असला की यकृत हेप्सिडिन नावाचे द्रव्य अधिक बनविते, आणि त्यामुळे आहारातील लोह रक्तात नीट शोषले जात नाही. म्हणून दमणाऱ्या मुलीला रागे भरण्यापूर्वी तिच्या रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. शाळेतून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या ती घेते की नाही, हे पाहावे. नंतर हळूहळू खेळ वाढवावा.

मुलींना कोठवर मजल मारता येते, याचे उदाहरणही दिल्लीतच घडले. १९ जानेवारी २०२५ रोजी येथील इंदिरा गांधी क्रीडासंकुलात पहिल्या विश्वचषक खो-खो स्पर्धेचा अंतिम सामना झाला. महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी नेपाळचा ७८–४० असा पराभव केला. त्याच दिवशी प्रतीक वाईकरच्या संघाने पुरुषांचा चषकही मिळविला. जो खेळ आपल्या शाळांच्या अंगणात दोन खांब रोवून फुकट खेळता येतो, त्याचा हा गौरव होता. आणि हेही ध्यानात घेण्यासारखे आहे की, दिल्लीच्या ऐन जानेवारीतील ही स्पर्धा उघड्या मैदानावर नव्हे, तर छताखाली झाली.

हवेचा विचार

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दाह शमविण्यासाठी खेळावे म्हणावे, तर दिल्लीची हिवाळी हवा स्वतःच दाह निर्माण करणारी आहे. अडीच मायक्रॉनहून लहान धूलिकण फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचतात आणि तेथे दाह उत्पन्न करतात. त्याचे परिणाम रक्तावाटे सर्व शरीरात पसरतात. या कणांचे प्रमाण वर्षाच्या सरासरीने घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे भारताचे मानक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ही मर्यादा ५ वर आणली. दिल्लीची सरासरी गेल्या काही वर्षांत १०० च्या आसपास राहिली आहे, आणि नोव्हेंबरातील वाईट दिवसांत ती याच्या कितीतरी पटींनी वर जाते.

याचा परिणाम मुलांवर दिसतो. २००२ ते २००५ या काळात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी कोलकात्याच्या चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेने दिल्लीतील ३६ शाळांमधील ११,६२८ मुलांची तपासणी केली. त्यांच्यापैकी ४३.५ टक्के मुलांची फुप्फुसांची कार्यशक्ती कमी आढळली; तुलनेसाठी घेतलेल्या ग्रामीण भागातील मुलांत हे प्रमाण २५.७ टक्के होते.

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. जोराने धावताना हे प्रमाण कित्येक पटींनी वाढते, आणि नाकाऐवजी तोंडाने श्वास घेतल्यामुळे धूळ गाळलीही जात नाही. मग खेळावे की न खेळावे? २०१६ साली केंब्रिज येथील संशोधकांनी प्रौढांसाठी याचा गणिती हिशेब मांडला. घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम इतकी धूळ असतानाही रोज तासभर सायकल चालविण्याने हानीपेक्षा लाभच अधिक होतो. पण दिल्लीसाठी त्यांनी १५३ हा आकडा धरला होता. तेथे तीस मिनिटांनंतर अधिक लाभ होईनासा झाला आणि पंचेचाळीस मिनिटांनंतर लाभापेक्षा हानी वाढू लागली. हा हिशेब मुलांचा नाही. मुलांची फुप्फुसे अधिक नाजूक असतात. तरीही त्यातील मर्म उपयोगी आहे. हवा आणि हालचाल यांचा हिशेब एकत्र मांडावा लागतो. आणि स्वच्छ हवेचे दिवस वाया घालविणे ही देखील हानीच असते.

बारमाही वेळापत्रक

म्हणून दिल्ली, गाझियाबाद, नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद या परिसरात राहणाऱ्या कुटुंबांनी खेळाचे वर्षभराचे वेळापत्रक आखावे. दिल्लीत स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांत पहाटे उठून व्यायाम करण्याची शिकवण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती शिकवण उत्तम. परंतु नोव्हेंबर ते जानेवारी या काळात तिला मुरड घातली पाहिजे. थंडीत रात्री आणि पहाटे हवेचा थर जमिनीलगत दबून राहतो, धूर वर जाऊ शकत नाही, आणि त्यामुळे पहाटेची हवा बहुधा सर्वांत वाईट असते. दुपारी ऊन तापले की ती थोडी मोकळी होते. या महिन्यांत बाहेर खेळावयाचेच झाले, तर दुपारची वेळ निवडावी.

मार्च-एप्रिल आणि जुलै ते ऑक्टोबरचा पूर्वार्ध हे मैदानाचे महिने समजावेत. शाळांनी आपले क्रीडामहोत्सव याच काळात भरवावेत. पावसाळ्यात पावसाने धुतलेली हवा वर्षातील सर्वांत स्वच्छ असते. चिखल होईल म्हणून ती दवडू नये. मे-जूनमध्ये पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो, तेव्हा मात्र पहाटच योग्य, आणि पाणी सोबत असलेच पाहिजे.

हवेचा निर्देशांक रोज वर्तमानपत्रात येतो आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ या मोबाइल सेवेवरही पाहता येतो. तो १०० पर्यंत असेल तर मुलांना मनसोक्त खेळू द्यावे. २०० पर्यंत दमा असलेल्या मुलांची काळजी घेऊन खेळ चालू ठेवावा. २०० च्या पुढे वेळ आणि वेग दोन्ही कमी करावेत. ३०० च्या पुढे बाहेरचा खेळ थांबवावा. हालचाल थांबवू नये.

घरातील हालचालीसाठी फार जागा लागत नाही. एका सतरंजीवर सूर्यनमस्कार घालता येतात. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या संस्थानातील शाळांमधून सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, तो साधनांवाचून होणारा सर्वांगाचा व्यायाम म्हणूनच. त्याच्या जोडीला बैठका, जोर, दोरीवरच्या उड्या, जिन्याची चढउतार किंवा लेझीम असे प्रकार वाटून घेतले, तर दहा-दहा मिनिटांचे तीन-चार हप्ते सहज होतात. मात्र खिडकीतून बाहेरची धूळ घरातही येते. म्हणून अशा दिवशी उदबत्ती व डासांची वेटोळी जाळू नयेत, केर ओल्या फडक्याने पुसावा, आणि दम लागेपर्यंतच्या उड्यांपेक्षा स्नायूंना ताण देणारे संथ प्रकार निवडावेत.

दिल्लीबाहेरच्या वाचकांनाही यातून घेण्यासारखे आहे. पुणे, मुंबई, नागपूर येथेही हिवाळ्यातील काही दिवस हवा खराब असते. विदर्भात उन्हाळा कडक, कोकणात पाऊस धुवाधार. प्रत्येक ठिकाणचे वेळापत्रक वेगळे होईल. तास मात्र तोच राहावा.

काही पथ्ये

ताप असताना व्यायाम करू नये. ताप उतरल्यावरही एकदोन दिवस विश्रांती घेऊन मग हळूहळू सुरुवात करावी. दमा असलेल्या मुलाने वैद्यांच्या सल्ल्याने औषध घेऊन अवश्य खेळावे, आणि श्वासातून घ्यावयाचे औषध खिशात ठेवावे. धावताना छातीत दुखणे, चक्कर येणे, शुद्ध हरपणे यांपैकी काहीही झाल्यास डॉक्टरांकडे नेण्यास विलंब लावू नये. सांधे सुजत असतील किंवा वजन कारण नसताना उतरत असेल, तर तो निराळा दाह असू शकतो आणि त्याला उपचारांची गरज असते.

आहाराची जोड हवी. खेळून आलेल्या मुलाच्या हाती तळलेल्या पदार्थांची पुडी आणि साखरेचे पेय देण्यापेक्षा भाजलेले चणे-शेंगदाणे, केळे, ताक किंवा उसळ-पोळी द्यावी. झोप हाही उपचारच आहे. कुमारवयात आठ ते दहा तास झोप लागते, आणि अपुऱ्या झोपेनेही दाह वाढतो. रात्री उशिरापर्यंत हातात राहणारा मोबाइल खेळाचा तास आणि झोपेचे दोन तास एकदमच खातो.

हे सर्व प्रत्यक्षात साधते का? दिल्लीच्या संशोधकांनी अकरावीच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २०१० व २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा महिने मुलांना आहाराचे व व्यायामाचे शिक्षण देण्यात आले, शाळेच्या उपाहारगृहातील पदार्थांकडे लक्ष देण्यात आले आणि पालकांनाही सहभागी करून घेण्यात आले. अखेरीस या मुलांच्या कमरेचा घेर, उपाशीपोटीची रक्तशर्करा आणि दाहाची खूण यांत सुधारणा दिसून आली. औषधाची एकही गोळी त्यात नव्हती. घर, शाळा आणि मूल यांनी एकाच दिशेने सहा महिने चालावयाचे होते, एवढेच.

पालकांनी आज रात्री एक छोटेसे काम करावे. मुलाच्या अभ्यासाचे वेळापत्रक भिंतीवर लावलेले असेल, ते पाहावे. त्यात खेळाची वेळ लिहिली आहे काय? नसेल तर ती शाईने लिहावी, आणि तिच्या शेजारी हिवाळ्यातील व उन्हाळ्यातील वेळ वेगवेगळी नोंदवावी. दहावीचे वर्ष असेल तर ती पुसू नये. मुलगी असेल तर तिच्या सोबतीला कोण जाईल, तेही तेथेच लिहून ठेवावे.